लवकर प्रसूतीचा धोका आणि प्रोबायोटिकच्या पुड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जिवंत जंतूंच्या पुड्या घेतल्या तर लवकर प्रसूती टळते का? सातारा-सांगली भागात गरोदर बायकांच्या तपासणीला बसलं की असे प्रश्न रोज कानावर येतात. काही बायका स्वतः विचारतात, काहींच्या सासूबाई विचारतात. नवरा बऱ्याचदा बाहेर जाता जाता दारातून विचारतो. आधीचं बाळंतपण लवकर झालेल्या, जुळी असलेल्या किंवा गर्भपिशवीचं तोंड आखूड असल्याचं सांगितलेल्या बायकांना ही उत्तरं डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या बाबतीतला निर्णय तुमची फाइल पाहूनच होईल.

दिवस भरण्याआधी म्हणजे नेमकं किती आधी?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत बाळ झालं, तर ती मुदतपूर्व प्रसूती. ३५व्या आठवड्यातलं बाळ आणि २७व्या आठवड्यातलं बाळ दोन्ही याच नावाखाली येतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. २८ आठवड्यांच्या आतली बाळं सर्वांत नाजूक. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं मुदतीआधी जन्मली, म्हणजे जगातल्या अशा बाळांपैकी पाचांतलं एक आपल्याकडचं.

'सातवा लागला', 'आठवा लागला' या घरच्या हिशेबात दोन-तीन आठवड्यांची गडबड सहज होते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख सर्वांत भरवशाची, म्हणून तो कागद जपून ठेवा.

मला धोका आहे हे कसं कळणार?

आधीचं बाळंतपण आपोआप कळा येऊन किंवा पाणी जाऊन लवकर झालं असेल, तर धोका सर्वांत ठळक. त्यानंतर येतात जुळी-तिळी, पिशवीच्या तोंडावर झालेली शस्त्रक्रिया, पिशवीची जन्मजात वेगळी ठेवण, दोन बाळंतपणांत फार कमी अंतर, लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तदाब, मधुमेह आणि रक्त कमी असणं. वय अठराच्या आत असेल किंवा वजन फार कमी असेल, तरी काळजी जास्त घ्यावी लागते. आणि यातलं काहीच नसताना लवकर बाळंत झालेल्याही पुष्कळ बायका आहेत.

आपल्या भागात एक कारण फाइलवर लिहिलंच जात नाही, कारण ते कुणी विचारत नाही आणि बाई सांगत नाही. ते म्हणजे मिश्री. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं, कारण मिश्रीला कुणी तंबाखू समजत नाही. ती 'दात घासायची'. पण ती भाजलेली तंबाखूच आहे आणि हिरड्यांवाटे निकोटिन रक्तात जातं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सहा दिवस आधी जन्मली. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याचं प्रमाण त्यांच्यात कितीतरी जास्त होतं. त्या बायका मुख्यतः मिश्रीच लावणाऱ्या होत्या.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतली गरोदर बाई पहाटे थंडीत फडात असते, मोळ्या उचलते, लघवीला आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिते. लघवीचा संसर्ग, अपुरं खाणं, रक्त कमी आणि तपासणीत खंड या सगळ्या गोष्टी तिच्या ठिकाणी एकत्र होतात. तिच्यापर्यंत प्रोबायोटिकची जाहिरात पोचलेली नाही. लघवीची तपासणी पोचली तरी पुष्कळ झालं.

प्रोबायोटिक म्हणजे नक्की काय? औषध की टॉनिक?

पुरेशा प्रमाणात घेतले तर आरोग्याला फायदा होतो असे जिवंत सूक्ष्मजीव, म्हणजे प्रोबायोटिक. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००१ साली केलेली व्याख्या थोडक्यात अशीच आहे. यातले तीन शब्द महत्त्वाचे: जिवंत, पुरेसे आणि फायदा. जंतू मेलेले असतील, संख्येने कमी असतील किंवा फायदा कुणी तपासलेलाच नसेल, तर पुडीवर काहीही छापलेलं असो, हे नाव त्या पुडीला शोभत नाही.

बहुतेक पुड्यांत लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम घराण्यातले जंतू असतात. काहींत सॅकरोमायसिस बोलार्डी ही यीस्ट असते, तर काहींत बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू. जुलाबाला उपयोगी पडलेली जात योनीच्या आरोग्यालाही उपयोगी पडेल असं गृहीत धरता येत नाही. एकाच प्रजातीतल्या दोन जातींचे गुणही वेगळे असतात.

जंतूंचा आणि लवकर कळा येण्याचा काय संबंध?

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जंतूंचं राज्य असतं. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथलं सामू मूल्य (pH; जितकं कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ च्या खाली राहतं आणि उपद्रवी जंतूंना मुळं धरता येत नाहीत. हे राज्य मोडलं की गार्डनेरेला, प्रिव्होटेला असे जंतू वाढतात. या बिघाडाला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. असे जंतू पिशवीच्या तोंडातून वर चढले, तर बाळाभोवतीच्या पडद्यांना सूज येते आणि शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं. त्याने पिशवीचं तोंड मऊ होतं, कळा सुरू होतात किंवा पाणी आधीच जातं. फार लवकर होणाऱ्या प्रसूतींत या वाटेचा वाटा मोठा असतो.

इथूनच प्रोबायोटिकची कल्पना निघाली: चांगले जंतू बाहेरून पुरवले तर वाईट जंतूंना जागा उरणार नाही आणि साखळी सुरू होण्याआधीच तुटेल. तोंडाने घेतलेले काही लॅक्टोबॅसिलस आतड्यातून गुदद्वारापर्यंत आणि तिथून योनीपर्यंत पोचू शकतात, हेही काही अभ्यासांत दिसलं आहे. कल्पना सुरेख आहे, पटते. पण गरोदरपणाच्या औषधशास्त्रात पटणाऱ्या कल्पना कमी पडलेल्या नाहीत. त्यातल्या निम्म्याशिम्म्या तपासणीत टिकत नाहीत.

मग पुड्या घेतल्या तर लवकर प्रसूती टळते का?

आज हातात असलेल्या पुराव्यावर उत्तर द्यायचं तर: टळते असं दिसलेलं नाही.

२००७ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. योनीतला संसर्ग कमी झाल्याचं दिसलं, पण मुदतपूर्व प्रसूतीबद्दल काही ठरवावं एवढी माहितीच नव्हती. प्रयोग थोडे, बायका थोड्या. २०१८ साली आणखी मोठा आढावा आला. त्यात प्रोबायोटिक किंवा प्रीबायोटिक (चांगल्या जंतूंचं खाद्य) घेतल्याने ३४ आठवड्यांआधीची किंवा ३७ आठवड्यांआधीची प्रसूती कमीही झाली नाही आणि वाढलीही नाही.

यात एक खाच आहे आणि ती तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. त्या प्रयोगांतल्या बहुतेक बायका 'लवकर प्रसूतीचा धोका आहे' म्हणून निवडलेल्या नव्हत्याच. कुठे बाळाची ॲलर्जी टाळता येते का हे पाहायचं होतं, कुठे गरोदरपणातला मधुमेह. प्रसूती कधी झाली याची नोंद जाता जाता झाली. म्हणजे तुमच्यासारख्या, आधी सातव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईला पुडीचा उपयोग होतो का, हा प्रश्न पुरेशा मोठ्या प्रयोगात नीट विचारलाच गेलेला नाही. कंपनीचा माणूस हे 'शक्यता खुली आहे' असं सांगतो. मी ते 'सिद्ध झालेलं नाही' असं सांगते. वाक्यं दोन्ही खरी आहेत, पण माझं वाक्य ऐकून कुणी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे लवकर प्रसूती टाळायला डॉक्टर देतात ते औषध, थांबवणार नाही.

नॉर्वेत तर फायदा दिसला होता ना? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

आलं असेल, आणि ते अगदी खोटं नाही. नॉर्वेत सुमारे ७० हजार गरोदरपणांची माहिती पाहिली गेली आणि २०१८ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीच्या महिन्यांत प्रोबायोटिक घातलेलं दूध पिणाऱ्या बायकांत मुदतपूर्व प्रसूती थोड्या कमी दिसल्या.

पण इथे कुणाला दूध द्यायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्या बायका असं दूध विकत घेऊन पितात, त्या बहुतेक शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या, धूम्रपान कमी करणाऱ्या असतात. संशोधक हा फरक आकडेमोडीत वजा करायचा प्रयत्न करतात, पण तो पुरता वजा होत नाही. अशा अभ्यासातून पुढच्या प्रयोगाची दिशा मिळते. त्यावरून औषधाची चिठ्ठी लिहायची नसते.

योनीत ठेवायच्या प्रोबायोटिक कॅप्सूल असतात, त्या जास्त थेट काम करतील ना?

तर्क बरोबर आहे. २०२० साली अमेरिकेत २२८ बायकांवर असा प्रयोग झाला. बॅक्टेरियल व्हजायनोसिसवर आधी मेट्रोनिडॅझोल जेलचे उपचार केले आणि मग लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसची एक ठरावीक जात योनीमार्गे दिली. १२ आठवड्यांत हा त्रास परत होण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं. निकाल चांगलाच आहे. पण त्या बायका गरोदर नव्हत्या आणि ती जात ठरावीक होती. दुकानातल्या दुसऱ्याच जातीच्या कॅप्सूलला तो निकाल चिकटवता येत नाही.

पाणी जात असेल, रक्त जात असेल किंवा पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत काहीही ठेवू नका. दही लावणं, लिंबूपाणी किंवा डेटॉलने आतून धुणं यांतलंही काही करू नका. आतून धुण्याने चांगले जंतूच वाहून जातात.

फायदा नाही तर नाही, तोटा तरी नाही ना?

बहुतेक बायकांना पोट फुगणं, गॅस, क्वचित सैल शौच एवढाच त्रास होतो. बाळात व्यंग येतं असं दिसलेलं नाही. पूर्वी आम्हीही 'घ्या, काही बिघडत नाही' असं सहज म्हणायचो.

२०२१ साली कॉक्रेनचा दुसरा आढावा आला. विषय गरोदरपणातला मधुमेह होता, सात प्रयोग आणि १६४७ बायका. प्रोबायोटिकने मधुमेह टळतो असं स्पष्ट दिसलं नाही. मात्र रक्तदाब वाढून होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. चार प्रयोगांतल्या ९५५ बायकांच्या माहितीवरून धोका १.८५ पट आला आणि आढावा करणाऱ्यांनी या पुराव्याला उच्च दर्जाचा म्हटलं. या प्रयोगांत जास्त वजनाच्या बायका बऱ्याच होत्या, त्यामुळे सडपातळ बाईला तोच आकडा लागू होईल असं नाही. नॉर्वेच्या माहितीत तर गरोदरपणाच्या उत्तरार्धात प्रोबायोटिक दूध घेणाऱ्यांत प्रीएक्लॅम्पसिया कमी दिसला होता. म्हणजे चित्र गुंतागुंतीचं आहे.

तरीही हा आकडा नजरेआड करता येत नाही, कारण प्रीएक्लॅम्पसिया झाला तर आईचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांनाच बाळ लवकर बाहेर काढावं लागतं. लवकर प्रसूती टाळायला घेतलेली गोष्ट त्याच दाराशी नेऊन सोडणार असेल, तर विचार करायलाच हवा. वजन जास्त असेल, आधी रक्तदाब वाढला असेल किंवा आई-बहिणीला बाळंतपणात झटके आले असतील, तर मनाने पुड्या सुरू करू नका. सुरू असतील तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

कुणी अजिबात घेऊ नयेत?

अवयव प्रत्यारोपण झालेल्या, केमोथेरपी चालू असलेल्या, प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या, हृदयाच्या झडपेचा मोठा आजार असलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी घालून अतिदक्षता विभागात असलेल्या बायकांनी तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अशा शरीरात हे जिवंत जंतू क्वचित रक्तात शिरतात. यीस्टच्या पुडीबाबत ही खबरदारी जास्तच.

पण माझ्या डॉक्टरांनीच लिहून दिल्यात!

मग कशासाठी दिल्यात ते विचारा. लघवीच्या संसर्गावर प्रतिजैविकं चालू असतील आणि जुलाब होऊ नयेत म्हणून पाच-सात दिवस दिल्या असतील, तर त्याला आधार आहे. प्रतिजैविकाची गोळी आणि पुडी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी पुडीतल्या जंतूंनाच मारते. यीस्टवाल्या पुडीला प्रतिजैविकाचा धक्का लागत नाही, पण बुरशीवरच्या गोळ्यांचा लागतो.

'पूर्ण नऊ महिने घ्या, बाळ लवकर होणार नाही' असं कुणी सांगितलं असेल, तर दुसरं मत घ्या. डॉक्टर बदलायची गरज नाही. 'कशासाठी?' एवढं विचारायचा हक्क वापरा.

घरचं दही, ताक, आंबील यांनी काम होणार नाही का? सासूबाई म्हणतात पुड्यांपेक्षा ताक बरं.

पुडी की ताक एवढाच वाद असेल, तर सासूबाईंच्या बाजूने. घरच्या दह्यात जिवंत जंतू असतात, कॅल्शियम मिळतं, प्रथिनं मिळतात आणि उन्हाळ्यात पोटात पाणी जातं. मात्र विरजणागणिक जंतू बदलतात आणि त्यांची मोजदाद नसते. त्यामुळे 'रोज वाटीभर दही खाल्लं की प्रसूती लवकर होत नाही' हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. दही अन्न म्हणून खा.

कढी उकळली की जंतू मेले. इडली वाफवली, डोसा भाजला, तरी तेच. डोंगरी भागातली नाचणीची आंबील आणि माण-खटाव, जतकडची ज्वारीची आंबील आंबवून मग शिजवतात, त्यामुळे तिच्यातही जिवंत जंतू फारसे उरत नाहीत. तरी ती पौष्टिकच आहे, मजेत प्या. तापवलेल्या दुधाला विरजण लावलेलं दही चांगलं. कच्चं, न तापवलेलं दूध मात्र गरोदर बाईने पिऊ नये. ब्रुसेलोसिससारखे आजार गोठ्यातून येतात आणि त्यात गर्भ पडू शकतो. धार काढल्या काढल्या निरसं दूध प्यायचं कौतुक बाळंतपण होईपर्यंत बाजूला ठेवा.

छोट्या बाटलीतलं गोड प्रोबायोटिक पेय घेत असाल तर मागे साखर किती लिहिलीय ते वाचा, विशेषतः शुगर वाढलेली असेल तर.

अंगावरून पांढरं जातंय. पुडी घेऊ का?

आधी दाखवा. गरोदरपणात पांढरं थोडं जास्त जाणं साहजिक आहे. माशासारखा वास आणि पातळ राखाडी स्राव असेल, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसची शंका येते. दह्याच्या गुठळ्यांसारखं आणि खाज असेल, तर बुरशी. दोन्हींवर वेगळी औषधं आहेत. त्रास असेल तर उपचार करायचेच. त्रास नसताना फक्त प्रसूती लांबवण्यासाठी सगळ्यांवर उपचार करून उपयोग होतो का, हेही तपासलं गेलं आहे. फ्रान्समध्ये कमी धोक्याच्या बायकांना क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक देऊन पाहिलं, २०१८ साली निकाल आला: मुदतपूर्व प्रसूती कमी झाल्या नाहीत. म्हणजे सरळ जंतू मारूनही साखळी तुटली नाही. एका पुडीकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा अंदाज यावरून येईल.

आणि पांढरं समजून जे जातंय ते पाणी असेल, तर? कपडा भिजत असेल, थांबवता येत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग खरोखर उपयोगी काय आहे?

पिशवीच्या तोंडाची लांबी मोजणं. १८ ते २४ आठवड्यांदरम्यान योनीमार्गे सोनोग्राफी करतात. नावाला घाबरून बायका नकार देतात, पण दोन-चार मिनिटांचं काम आहे आणि बाळाला काही होत नाही. लांबी २५ मिलिमीटर किंवा कमी निघाली, तर योनीत ठेवायचं प्रोजेस्टेरॉन देतात, बहुतेक वेळा रोज रात्री २०० मिलिग्रॅम. २०२१ साली जगभरच्या प्रयोगांतल्या बायकांची माहिती एकत्र केली गेली, त्यात ३४ आठवड्यांआधीच्या प्रसूती यामुळे कमी झालेल्या दिसल्या. एकच बाळ असेल तेव्हाची ही गोष्ट आहे, जुळ्यांचं गणित वेगळं. आधी लवकर प्रसूती झाली असेल आणि तोंडही आखूड असेल, तर टाका घालायचा विचार होतो.

त्यानंतर कमी डोसची ॲस्पिरिन. २०२० साली सहा देशांतल्या पहिलटकरणींवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या शेजारचं बेळगाव होतं आणि नागपूरही. सहाव्या ते तेराव्या आठवड्यात सुरू केलेल्या ८१ मिलिग्रॅमच्या गोळीने मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आलं. फरक लहान वाटेल, पण गोळी काही पैशांची आहे. प्रत्येकीसाठी ती नाही. आम्लपित्त, दमा, रक्तस्राव पाहून डॉक्टर ठरवतात.

लघवीची तपासणी आणि कल्चर, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर. मिश्री बंद. या यादीत काहीच नवं नाही, म्हणून कुणाला त्यात रस वाटत नाही. माझा पुड्यांवरचा राग तिथेच आहे: पुडी सुरू झाली की घरात 'उपचार चालू आहेत' अशी भावना येते आणि विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून राहते. ती पंचविसाव्यात केली तर टाक्याची वेळ बहुधा गेलेली असते.

पलंगावर पडून राहिलं तर?

सक्तीच्या विश्रांतीने मुदतपूर्व प्रसूती टळते असं दिसलेलं नाही. उलट पायांत रक्ताच्या गाठी होतात, स्नायू गळतात. जड कामं टाळा, पण घरात हिंडाफिरा.

सातव्या महिन्यात माहेरी जायचंय, ओटीभरणही तिकडेच आहे. जाऊ का?

पुण्या-मुंबईहून खंबाटकी घाट ओलांडून यायची भीती बायकांना वाटते. मला घाटाची भीती वाटत नाही. कागद मागे राहण्याची वाटते. सासरच्या डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन चालू केलेलं असतं, माहेरी संपतं आणि कुणी विचारत नाही. टाका घातलाय हे नव्या डॉक्टरला माहीतच नसतं. धोका असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सगळी फाइल बरोबर घ्या आणि पोचल्यावर आठवड्याच्या आत तिकडे नाव नोंदवा. ओटीभरण थोडं लवकर केलं म्हणून काही बिघडत नाही.

सातव्यातलं बाळ वाचतं, आठव्यातलं वाचत नाही, खरं का?

साफ खोटं. पोटात राहिलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक बाळाची फुप्फुसं तयार होत जातात. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकटच असतं. या समजुतीपायी 'आता आठवा लागलाय, काय उपयोग' म्हणून घरी थांबलेली माणसं पाहिली आहेत, म्हणून एवढ्या तुटकपणे लिहिते.

कधी थांबायचं नाही, लगेच निघायचं?

दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट कडक होत असेल, कंबरेत येऊन-जाऊन कळ येत असेल, खाली दाबल्यासारखं वाटत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल. तसंच डोकं फार दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहरा एकाएकी सुजणं, कारण ती प्रीएक्लॅम्पसियाची लक्षणं आहेत. 'जुलाबाच्या कळा असतील, पुडी घेऊन बघू' असं करू नका.

वेळेवर पोचलात तर बाळाची फुप्फुसं पक्की करायला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देता येतात: ६ मिलिग्रॅम, १२ तासांनी एक, अशी चार. सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २४ ते ३४ आठवड्यांच्या बायकांना ती द्यायची आहेत आणि पुढे पाठवण्याआधी पहिला डोस नर्सताईही देऊ शकतात. लवकर येणाऱ्या बाळासाठी यासारखं दुसरं औषध नाही, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून निघायला उशीर नको.

कुठे जायचं?

गरोदर बाईसाठी १०२ आणि तातडीला १०८, दोन्ही मोफत. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, शिवाय कराड, मिरज आणि सांगलीत मोठी खासगी व धर्मादाय रुग्णालयं आहेत. खासगीत नाव घातलं असेल तर आजच विचारून ठेवा: बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर सोय इथेच आहे का, आणि रात्री बालरोगतज्ज्ञ येतात का? 'नाही' म्हणाले तर ३४ आठवड्यांआधीच्या कळांना तिकडे न जाता सरळ मोठं रुग्णालय गाठायचं. बाळ पोटात असताना हलवणं हे जन्मल्यावर ॲम्ब्युलन्समधून हलवण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या वाड्या-वस्त्यांवरून पावसाळ्यात किती वेळ लागतो हे तिथल्यांना सांगायला नको. धोका असेल तर शेवटचे महिने रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे राहिलेलं बरं.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांची तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारा.

डॉक्टरांनी पाच दिवसांपुरती पुडी लिहिलीय. मेडिकलमध्ये काय पाहून घेऊ?

जंतूचं नाव जातीसह लिहिलंय का, आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील तो आकडा आहे का. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे प्रोबायोटिक अन्नपूरकात दिवसाला किमान दहा कोटी जिवंत जंतू हवेत. पुडी कुठल्या तापमानात ठेवायची ते वाचा. आटपाडी-जतच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात पडून राहिलेल्या पुडीत जिवंत काय उरलं असेल, देव जाणे. गरम दुधात घालू नका.

बाळ लवकर झालं तर बाळाला प्रोबायोटिक देतात का?

ती वेगळीच गोष्ट आहे, आईच्या पुडीशी तिचा संबंध नाही. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या आणि आईच्या दुधावर असलेल्या बाळाला देण्याचा विचार करता येईल, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली म्हटलं. ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम देऊन जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाल्याचा निकाल २०१७ साली आला, पण ती बाळं ३५ आठवड्यांपुढची आणि दोन किलोंच्या वरची होती. उलट २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रोबायोटिक दिलेल्या एका मुदतपूर्व बाळाच्या मृत्यूनंतर रुग्णालयांना सावध केलं. निर्णय बालरोगतज्ज्ञांचा. आपल्या पर्समधली उरलेली पुडी बोटावर घेऊन बाळाला चाटवायची नाही.

मी दोन महिने न विचारता पुड्या घेतेय. डॉक्टर रागावतील म्हणून सांगितलं नाही.

रागावले तर रागावू द्या. रिकामं पाकीट फाइलमध्ये घालून न्या, नाव सांगण्यात चूक व्हायला नको. पुडी बंद केल्याने बाळाला झटका बसत नाही, हळूहळू कमी करायचीही गरज नसते. त्या दिवशी रक्तदाब मोजून घ्या, लघवीतली प्रथिनं तपासून घ्या, आणि पिशवीच्या तोंडाची लांबी मोजली आहे का ते आठवणीने विचारा.